मूल चंचल आहे, की रात्री त्याची झोपच होत नाही?

‘मुलगा वर्गात लक्ष देत नाही, घरी सतत चिडतो, त्याला काही मानसिक आजार तर नसेल?’ हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना समुपदेशक म्हणून मी अभ्यासाबद्दल नंतर आणि मुलाच्या झोपेबद्दल आधी विचारते. त्यामागचे कारण सोलापुरातल्याच एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिलीतल्या मुलाला घेऊन आई आणि आजी आल्या होत्या. दोन-तीनदा हाक मारल्याशिवाय तो उत्तर देत नाही, जागेवर बसत नाही, मधल्या सुट्टीत मारामारी करतो, असे बाईंनी वहीत लिहून दिले होते. आईचे दुखणे मात्र जेवणाचे होते. “मॅडम, कडक भाकरी आमटीत कुस्करून दिली तरी तासभर ताट पुढ्यात घेऊन बसतो. नुसता हट्ट!” त्या बोलत असताना मुलगा माझ्यासमोर बिस्किट खात होता. दोनदा चावायचा, थांबायचा, तोंड उघडून श्वास घ्यायचा आणि मग पुन्हा चावायचा. ओठ कोरडे, डोळ्यांखाली काळसर छटा, आणि सर्दी वाहत नसतानाही आवाज नाक चोंदल्यासारखा, इतका की ‘मामा’ म्हणताना ‘बाबा’ ऐकू यावे.

रात्रीबद्दल विचारले तेव्हा आजी कौतुकाने म्हणाल्या, “दिवसभर दंगा करतो, मग घोरत गाढ झोपतो.” आईने सांगितले की तो मान मागे टाकून झोपतो, सारखी कूस बदलतो, घामाने उशी भिजते आणि बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे. तो झोपलेला असताना मोबाइलवर चित्रण करून आणा, असे मी सुचवले. त्यात घोरणे मध्येच थांबत होते, छाती हलत असूनही श्वासाचा आवाज येत नव्हता आणि काही क्षणांनी तो दचकून मोठा श्वास घेत होता. ते पाहून मी त्यांना तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. निदान करणे हे माझे काम नाही. वर्तनामागे शरीराचे कारण असू शकते हे ओळखणे मात्र नक्कीच आहे.

अ‍ॅडेनॉइड म्हणजे नाकाच्या मागे, टाळूच्या वर असलेली रोगप्रतिकारक ऊती. घशातले टॉन्सिल तोंड उघडल्यावर दिसतात. ही दिसत नाही, म्हणून ती वाढून नाकातून श्वास जाण्याचा रस्ता अडवत असल्याचे घरी लक्षात येत नाही. साधारण 3 ते 7 या वयात ती सर्वांत मोठी असते आणि पुढे आकसत जाते. कानाला नाकाशी जोडणारी नळी तिच्या शेजारीच उघडते, त्यामुळे नळीचे काम बिघडून मध्यकर्णात पाणी साचू शकते. या मुलाच्या एक्स-रेमध्ये अ‍ॅडेनॉइड बरीच वाढलेली दिसली आणि श्रवण चाचणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचे कळले. बाईंच्या हाका त्याच्यापर्यंत पुरत्या पोहोचतच नव्हत्या. त्यात झोप अपुरी. मोठी माणसे झोप न झाल्यास पेंगतात; लहान मुले पुष्कळदा उलट अधिक चळवळी आणि चिडखोर होतात.

प्रत्येक चोंदलेले नाक अ‍ॅडेनॉइडमुळेच असते असे नाही. वडिलांच्या यंत्रमागाची खोली घराला लागूनच होती, आणि सुताच्या बारीक तंतूंनी व धुळीने नाकाची अ‍ॅलर्जी बळावू शकते. डॉक्टरांनी तीही तपासली. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर मुलाने नाकात मणी किंवा शेंगदाणा घातला आहे का, हे आधी पाहून घ्यावे लागते.

“मोठा झाल्यावर आपोआप जाईल ना?” हा आजींचा प्रश्न रास्त होता. त्रास सौम्य असेल तर डॉक्टरही वाट पाहतात आणि नाकातला औषधी फवारा देऊन बघतात. परंतु झोपेत श्वास अडत असेल किंवा कानातले पाणी महिनोन्महिने टिकून ऐकू कमी येत असेल, तर वाट पाहण्यात मुलाच्या वाढीची आणि वाचायला शिकण्याची वर्षे खर्ची पडतात. अशा वेळी अ‍ॅडेनॉइड काढावी लागू शकते; ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन तोंडावाटे होते, बाहेरून चेहऱ्यावर कुठेही छेद घेत नाहीत. प्रतिकारशक्ती कमी होईल ही भीती आईला सर्वाधिक होती. शरीरात अशा ऊती इतरत्रही असतात, त्यामुळे तसा लक्षणीय फरक पडत नाही, हे डॉक्टरांनी समजावल्यावर त्या तयार झाल्या.

शस्त्रक्रियेनंतर आता घोरणे थांबले आहे, अंथरूण कोरडे राहते आणि जेवण इतरांबरोबर आटोपते. तोंडाने श्वास घेण्याची सवय मात्र पुरती सुटलेली नाही. ऐकू येत नव्हते त्या काळात मागे पडलेले वाचन भरून काढायचे आहे, आणि ‘मला सगळे रागावतात’ ही त्याची पक्की झालेली समजूतही घालवायची आहे. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवले आहे. आमच्या भेटी चालू आहेत.