रानभाज्या, बियाणे आणि घरकामाची जुनी कौशल्ये गावातल्या लोकांकडून कशी शिकावीत?

आपण विचारले आहे की, पुण्यात नोकरी करत असताना रानभाज्या ओळखणे, बियाणे राखणे, कूड (काठ्या-कामट्यांची भिंत) लिंपणे, धान्य साठवणे अशी जुनी कामे एखाद्या गावातल्या लोकांबरोबर राहून शिकता येतील का, आणि त्यासाठी दोन दिवसांचे निवासी शिबिर पुरेसे होईल का. शिकता नक्की येतील. शिबिराने मात्र फक्त तोंडओळख होते. ही कामे ऋतूला बांधलेली आहेत. ज्या आठवड्यात ज्या कामाची गरज असते त्याच आठवड्यात ते काम होते, आणि शिकवण्यासाठी म्हणून ते कोणी वेगळे करून दाखवत नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच की, दहा गावे फिरण्यापेक्षा एकच गाव निवडावे, तिथे एक पूर्ण वर्ष, वैशाखापासून पुढच्या वैशाखापर्यंत, पुन्हा पुन्हा जावे, आणि जाताना पाहुणा म्हणून न जाता कामाला येणारा माणूस म्हणून जावे.

मी गेली सात वर्षे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातल्या महादेव कोळी समाजाच्या एका वाडीत जातो, त्यामुळे जे लिहितो आहे ते त्याच मुलखापुरते खरे आहे असे समजावे. प्रवरेच्या उगमाकडचा, कळसूबाई आणि रतनगडाच्या कुशीतला हा भाग भाताचा आणि नागलीचा (नाचणीचा) आहे. घाटमाथ्यावर घाटघरला प्रचंड पाऊस पडतो आणि त्याच तालुक्याचा पूर्व भाग कोरडा राहतो, त्यामुळे पाच-दहा कोसांवर पिके, भाज्या आणि घरे बांधण्याची रीतसुद्धा बदलते. एका गावातले शहाणपण दुसऱ्या गावात जसेच्या तसे लागू पडत नाही, हे मला तिथेच कळले.

सुरुवात उन्हाळ्यात करावी, कारण पावसाळ्याची सगळी तयारी तेव्हाच चाललेली असते. भाताचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर शेण, वाळलेला पालापाचोळा आणि गवत यांचे थर पसरतात, वरून बारीक मातीचा पातळ थर देतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत हळूहळू पुढे सरकते. यालाच राब भाजणे म्हणतात. त्याने तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते. यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटाव्या लागतात, म्हणून कृषी विभाग राबाऐवजी गादीवाफ्यावर (उंच केलेल्या सपाट वाफ्यावर) रोपे करायला सांगतो. आमच्या वाडीतल्या बाबांनी अलीकडे निम्मा राब आणि निम्मे गादीवाफे अशी वाटणी केली आहे. जुनी रीत शिकणाऱ्याने तिची किंमत जंगलाला किती पडते हेही विचारावे, आणि हा प्रश्न गावातल्या माणसांनाच विचारावा. त्यांनी त्यावर आपल्या कितीतरी आधी विचार केलेला असतो. काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते ती याच दिवसांत, आणि तेव्हा बहुतेक घरी उसंत नसते; म्हणून जाण्याआधी निरोप द्यावा आणि ते सांगतील त्याच दिवशी जावे.

आषाढात आवणी, म्हणजे भातरोपांची लावणी, सुरू होते. पहिल्या वर्षी मला रोपांच्या जुड्या बांधावरून खाचरात पोचवण्याचे काम मिळाले आणि दुसऱ्या वर्षी लावायला उभे केले. मी रोप भक्कम उभे राहावे म्हणून बोटभर खोल गाडत होतो. शेजारच्या मावशींनी माझे एक रोप उपटून पुन्हा लावून दाखवले: तीन बोटांत रोप धरून चिखलात मुळे झाकतील एवढेच खोचायचे आणि हात सरळ वर काढायचा. खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. दोन आठवड्यांनी माझ्या ओळी दुरूनही ओळखू येत होत्या, कारण तिथले भात विरळ दिसत होते. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण त्यांच्या वर्षभराच्या तांदळात माझ्या चुकीचा वाटा आहे हे मला लागले. पुढच्या वर्षापासून मी शिकण्याच्या दिवसांची रोजंदारी घेत नाही आणि जेवणाखाणाचे पैसे मात्र मोजून देतो. आपणही असेच करावे असे मी आग्रहाने सांगेन. त्या घरात जे ज्ञान आहे ते पिढ्यांच्या कष्टांतून आलेले आहे, आणि आपल्याला ते फुकट मिळावे असा आपला कोणताही हक्क नाही.

रानभाज्यांविषयी आपण विशेष विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिल्या पावसानंतर कुरडू, टाकळा, भारंगी, चाई या वेलीचा मोहर आणि पुढे करटुली अशी एकेक भाजी येते, आणि प्रत्येकीचा खाण्याजोगा काळ थोडा असतो. टाकळा कोवळा असेपर्यंतच भाजी. पाने निबर झाली की कोणी त्याला हात लावत नाही. भारंगीची पाने कडू असतात, म्हणून ती उकडून, पाणी पिळून टाकून मगच फोडणीला घालतात. कडू करांदे हे कंद तर काप करून राखेच्या पाण्यात उकळतात आणि पुष्कळ धुतात, तेव्हा खाता येतात. ठाणे-पालघरकडे शेवळे ही रानभाजी घशाला खाजू नये म्हणून तीत काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालतात. म्हणजे भाजी ओळखणे हा निम्माच भाग झाला, ती कशी सोसवायची हा उरलेला निम्मा भाग चुलीजवळ बसूनच कळतो, आणि तो बहुतेक ठिकाणी बायकांकडे आहे. पुरुष मंडळींशी गप्पा मारून परत येणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. मोबाइलवर फोटो काढून झाड ओळखणाऱ्या ॲपवर विसंबून काहीही तोंडात घालू नये. कळलावीचे फूल पाहून कोणीही मोहून जाईल, पण तिचा कंद जिवावर बेतू शकतो. कंदांच्या बाबतीत तर जाणत्या माणसाने हातात दिल्याशिवाय खायचेच नाही, हा नियम मी सात वर्षांनंतरही पाळतो.

खुडण्याचीही रीत आहे. मुळासकट उपटायचे नाही, शेंडा घ्यायचा, आणि एका जागची सगळी भाजी न्यायची नाही, म्हणजे काही झाडे फुलावर येऊन बी पडते. याशिवाय कायद्याची बाजू लक्षात ठेवावी. या परिसरातले बरेच जंगल १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातले इतर उत्पन्न) गोळा करण्याचा हक्क वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे तिथल्या आदिवासींचा आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या रहिवाशांचा आहे. बाहेरून येणाऱ्या आपल्यासारख्यांचा तो नाही. घरातल्या माणसाबरोबर बांधावर आणि परसात शिकावे, पिशव्या भरून शहरात आणू नये.

बियाण्याचे काम मात्र शहरातही चालू ठेवता येते, आणि माझ्या मते आपण मुख्य भर त्यावर द्यावा. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी ग्रामविकासाचे काम करणाऱ्या बाएफ संस्थेच्या साथीने गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि त्यांना २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला, हे आपण वाचले असेल. त्या कामामागची कृती घरोघरी पूर्वीपासून होती. बी कापणीनंतरच्या ढिगातून घेत नाहीत. उभ्या पिकात फिरून भरदार, न लोळलेल्या आणि निरोगी लोंब्या आधीच निवडतात आणि वेगळ्या कापतात. काकडी-भोपळ्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावतात, कडधान्याचे बी राखेत घोळून मडक्यात भरतात. भाताची कणगी (धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली) आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली असते आणि भरताना मध्ये मध्ये निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकतात.

या साठवणीत मी एकदा सपशेल चुकलो. मावशींकडून काळभात या जुन्या भातवाणाचे एक मापटे (धान्य मोजायचे लहान माप) बी घेऊन मी ते मावळातल्या आमच्या वडिलोपार्जित दहा गुंठ्यांपैकी एका कोपऱ्यात लावले, पीक चांगले आले, आणि दोन दिवस उन्हात घालून ते डब्यात भरून ठेवले. होळीला डबा उघडला तेव्हा आत किडे झाले होते आणि दाण्यांना कुबट वास येत होता. ते घेऊन मी वाडीवर गेलो. मावशींनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, बोटांनी पसरले, वास घेतला आणि मग स्वतःच्या कणगीतला एक दाणा मला चावायला दिला. तो कट्‌कन वाजून तुटला. माझ्या डब्यातला चांगला दिसणारा दाणा मात्र दाताखाली न वाजता दबला. बी भरायचे ते असा आवाज आल्यावरच, दिवस मोजून नाही. हे त्यांनी मला सांगितले असते तर मी वहीत टिपून घेतले असते आणि तरीही चुकलो असतो. तो आवाज आता माझ्या कानात बसला आहे.

म्हणून आपल्यासाठी व्यवहारातले उत्तर असे: गाव शोधायला ऑगस्टमध्ये, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत भरणाऱ्या रानभाजी महोत्सवात जावे. तिथे भाजी घेऊन बसलेल्या बचत गटातल्या बायकांशी बोलावे, त्यांच्या गावी यायला चालेल का असे विचारावे आणि पहिल्या भेटीत काहीही शिकवा म्हणून मागू नये. त्या वर्षी कापणीला आणि मळणीला जावे, बी निवडताना बरोबर फिरावे, कूड लिंपायचा असेल तर दिवाळीनंतर थांबावे आणि मग उन्हाळ्यात राबापासून पूर्ण वर्षाची सुरुवात करावी. नोकरी सांभाळून वर्षातून बारा-चौदा दिवस काढले तरी पुरतात, फक्त ते दिवस आपल्या सुट्टीप्रमाणे न ठरवता शेताप्रमाणे ठरवावे लागतात.

आणि बी घेतले तर परत करावे. वाडीत उसने बी दुप्पट करून देण्याची रीत आहे. माझे साठवलेले बी किड्यांनी खाल्ले होते, त्यामुळे मला ते फेडायला आणखी दोन हंगाम लागले. गेल्या मार्गशीर्षात मी दोन मापटी घेऊन गेलो, तेव्हा मावशींनी ती मोजली नाहीत. पिशवीत हात घालून एक दाणा काढला, दाताखाली धरला आणि पिशवी आत नेऊन ठेवली.