आधी तो पत्रा काढा

पत्र: ताई, मी लातूरची, वय ५६. ज्या गल्लीत सून म्हणून आले ती आता ओळखू येत नाही. वाडे पडले, शेजारी लेकांकडं पुण्याला गेले, घरं होस्टेलला दिली. समोर होस्टेल, बाजूला मेस, कोपऱ्यावर झेरॉक्स. रात्री बारापर्यंत मोटारसायकली. आमचे हे एसटीतून रिटायर झाल्यापासून कुणाशी बोलत नाहीत, टीव्हीपुढं बसून असतात. मुलगा पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये. रविवारी फोन करतो, तेवढंच. जिवाला आधार म्हणाल तर अंगणातला कडुलिंब. सासऱ्यांनी लावलेला. १९९३च्या भूकंपानंतर अख्खी गल्ली त्याच्याखाली झोपायची, सासऱ्यांनी फाटकच काढून ठेवलं होतं. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात भांड्यांचं पाणी घालून मी त्याला जगवलं. समोरच्या होस्टेलातला एक मुलगा रोज संध्याकाळी कंपाउंडला टेकून लिंबाकडं बघत उभा राहायचा. त्रास काही नव्हता, पण बरं दिसेना म्हणून भिंतीवर पत्रा लावून घेतला. तेवढी कटकट मिटली. पण मन कशातच रमत नाही. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचताना मी त्या पत्र्यापाशी अडले, ती पुढं सरकलेच नाही. गल्लीचं, यजमानांचं, मुलाचं तुम्ही मन लावून लिहिलंय. त्या पोराला मात्र दोन ओळींत उरकलंत. मला त्याच्याबद्दलच बोलायचंय.

मी त्याला पाहिलेलं नाही. पण लातूरला अशी लेकरं कुठून येतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जळकोट, मुखेड, कंधार, केज, जिंतूर. दहावीला शाळेत पहिला आलेला, बापानं सोयाबीनचे पैसे मेडिकलच्या प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासच्या फीत घातलेले. सकाळी क्लास, मग कॉलेज, मग टेस्ट, मग रूम. रूम म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, तीन कॉट, आणि खिडकी उघडली की शेजारच्या बिल्डिंगची भिंत. घरून फोन आला की जेवलास का, याच्या पाठोपाठ टेस्टला ७२० पैकी किती पडले. या सगळ्यातून ते लेकरू संध्याकाळी जरा बाहेर पडतं आणि तुमच्या भिंतीला टेकून उभं राहतं. मराठवाड्यातल्या खेड्यात दारापुढं लिंब असतोच. त्याला तिथं काय दिसत असेल हे मी वेगळं सांगायला नको.

आणि तुम्ही पत्रा ठोकलात.

मला राग आलाय, ताई, आणि तो मी लपवत नाही. भूकंपाच्या वर्षी गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. त्यानंतर कितीतरी दिवस लोक घरात पाठ टेकायला धजत नव्हते. तुमच्या सासऱ्यांनी तेव्हा फाटक बिजागरीतून काढून बाजूला ठेवलं. कोण कुणाचा, चांगला की वाईट, हे बघत बसले नाहीत. त्या रात्रींची आठवण तुम्ही इतक्या मायेनं लिहिता. मग त्याच झाडाकडं बघायला आलेलं एक पोर तुम्हाला कटकट कसं वाटलं?

गल्ली बदलली याचं दुःख खरं आहे. पण गेलेले शेजारी परत येणार नाहीत, आणि जे नवीन आलेत त्यांच्यातला एक आपल्या पायांनी तुमच्या भिंतीपर्यंत आला होता. तुम्ही एकट्या पडलात असं लिहिता. पत्रा गल्लीनं लावलेला नाही, तुम्ही लावलाय.

तुमचा मुलगाही कुठंतरी अकरा महिन्यांच्या करारावर राहतोच ना? तिथली तुमच्याच वयाची एखादी बाई त्याला जिन्यात बघून दार लावून घेते, असं त्यानं रविवारी फोनवर सांगितलं तर तुम्हाला त्या रात्री झोप येईल का?

तेव्हा एकच करा. येत्या रविवारी तो पत्रा काढा. मिस्त्री बोलवू नका, यजमानांना टीव्हीपुढून उठवा आणि पाना त्यांच्या हातात द्या. जन्मभर एसटीत काढलेल्या माणसाला चार बोल्ट जड नाहीत. त्यांना 'बोला, बोला' म्हणून ते बोलणार नाहीत, पण भिंतीपाशी उभं राहून काम करताना समोरून कुणीतरी विचारेलच, 'काका, पत्रा काढताय का?' तिथून पुढं त्यांचं ते बघतील.

आणि तुम्ही त्या मुलाला विचारा, "कोणत्या गावचा रे बाळा?" पहिल्याच दिवशी घरात घ्या असं मी म्हणत नाही. अनोळखी माणसाची धास्ती असते, ती मलाही आहे. पण भिंतीच्या अलीकडं तुम्ही, पलीकडं तो, मधे चहाचा कप, यात धास्ती कसली? एकाशी बोललं तर दहा येतील असं वाटत असेल तर येऊ द्या. त्या झाडाखाली सगळी गल्ली मावली होती. मोटारसायकलींचं म्हणाल तर होस्टेलच्या मालकाला गाठा, भाडं तो घेतो.

उशीर करू नका. लिंब आता फुलावर असेल, संध्याकाळी वास सुटत असेल. मेमध्ये 'नीट' आहे. परीक्षा झाली की हे लेकरू सामान बांधून गावी जाईल, आणि तुमच्या लातूरबद्दल त्याच्या आठवणीत तेवढा पत्राच राहील. ते मला चालणार नाही, तुम्हालाही चालू नये.

पत्रा निघाला की मला लिहा. तो कोणत्या गावचा निघाला, तेही कळवा.