पहिली क्रूझ आणि बारावीची एफडी

प्रश्न असा आला आहे. नाशिकच्या एक ताई लिहितात: "१२ डिसेंबरला आमच्या लग्नाला वीस वर्षं होतात. मी, मिस्टर, बारावीतला मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे चौघं सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझला जावं असं मनात आहे. एजंटने तीन रात्री जहाजावर आणि दोन रात्री सिंगापुरात, विमानासकट माणशी ९८,००० सांगितले आहेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,२०,०००. घराचा हप्ता धरून खर्च ८७,०००, एसआयपी १५,०००, उरतात १८,०००. अडीअडचणीसाठी ३ लाखांची एक एफडी आहे. दुसरी ४ लाखांची, मुलाच्या ॲडमिशनसाठी, पुढच्या जूनमध्ये मॅच्युअर होते. बचत खात्यात १,१०,००० आहेत, दिवाळीला मिस्टरांचा बोनस ६०,००० येईल. एफडी मोडू, एजंटची बारा महिन्यांची नो-कॉस्ट ईएमआय घेऊ, की वर्षभर एसआयपी थांबवू? शनिवारपर्यंत २५,००० टोकन द्यायचं आहे."

ताई, तुम्ही तीन पर्याय दिलेत, पण ते एकाच रकमेचे आहेत: ३,९२,०००. माझी अडचण तिथूनच सुरू होते, कारण ती रक्कम खरी नाही.

एजंटचं कोटेशन तुम्ही सोबत जोडलंत हे बरं केलंत. खाली बारीक अक्षरात दोन ओळी आहेत: 'जीएसटी व टीसीएस वेगळे' आणि 'ग्रॅच्युइटी जहाजावर देय'. पॅकेजवर ५ टक्के जीएसटी म्हणजे १९,६००. परदेशी सहलीच्या पॅकेजवरचा टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, १ एप्रिल २०२६पासून २ टक्के झाला आहे, तो साधारण ८,२००. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच. तो ज्याच्या पॅनवर कापला जाईल त्यानेच रिटर्नमध्ये मागायचा असतो, त्यामुळे बिल सासूबाईंच्या नावाने फाडू देऊ नका.

ग्रॅच्युइटी म्हणजे टिप, पण आपल्या मर्जीने हातावर ठेवायची नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर ती माणशी दररोज सुमारे १८ डॉलर पडते आणि केबिनच्या खात्यावर आपोआप चढते. चार माणसं, तीन रात्री, २१६ डॉलर. डॉलर ९५ रुपये धरला तर साडेवीस हजार. व्हिसाचे एजंटच्या शुल्कासह १२,००० धरा, चौघांच्या प्रवास विम्याचे ९,०००, नाशिक–मुंबई विमानतळ येण्याजाण्याचे ८,०००. जहाज पेनांगला किंवा फुकेतला लागलं की किनाऱ्यावरच्या सहलीचे २५,०००, जहाजावरच्या फुटकळ खर्चाचे २०,०००, सिंगापुरातलं खाणंपिणं आणि खरेदीचे ४०,०००. बेरीज करून पाहा, साडेपाच लाखांच्या वर जाते.

'फुटकळ' हा शब्द मी जपून वापरतोय. आमची पहिली क्रूझ काही वर्षांपूर्वीची. कंपनीचं नाव घेत नाही. जहाजावर रोख चालत नाही, गळ्यात अडकवायचं एक कार्ड देतात. बुफे, मुख्य डायनिंग हॉल, चहा-पाणी, शो, पोहण्याचा तलाव, सगळं भाड्यात. आमच्या मुलीला वाटलं, सगळंच फुकट आहे. पूलजवळच्या काउंटरवर ती कार्ड टेकवायची, 'टिंग' आवाज यायचा आणि छत्री खोचलेला मॉकटेल हातात पडायचा. शेवटच्या रात्री दाराखालून एक लिफाफा सरकला. नुसत्या सरबतांचे आणि वाय-फायचे नऊ हजार. भांडलो, पण प्रत्येक 'टिंग'ची वेळ त्यांच्याकडे छापलेली होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, पहिल्याच दिवशी रिसेप्शनला जाऊन मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्या आणि रोज रात्री खात्याचा आकडा बघा. खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. ते आगाऊ रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला घरी आल्यावरही दिवस लागतात. क्रेडिट कार्ड जोडलंत तर परकीय चलनावरचा साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी, म्हणजे लाखामागे चार हजारांवर रुपये, हेही हिशेबात धरा.

आता तुमचे तीन पर्याय.

ईएमआय आधी. ३,९२,००० भागिले १२ म्हणजे महिना ३२,६६७. तुमच्याकडे उरतात १८,०००. म्हणजे ईएमआय घेतली की एसआयपी थांबवावीच लागते. दोन्ही मिळून ३३,०००, हप्ता भरून महिन्याला ३३३ रुपये शिल्लक! आणि हे फक्त कोटेशनच्या रकमेचं झालं, वरचे दीड लाख अजून बाकीच आहेत. 'नो-कॉस्ट' म्हणजेही तुम्हाला मिळू शकली असती ती रोखीची सूट गेली, शिवाय प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी तुमच्याच माथी. पूर्ण साडेपाच लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी काढलं तर हप्ता २६ हजारांच्या वर आणि नुसतं व्याज सत्त्याहत्तर हजार. तेवढ्यात आणखी एक माणूस सिंगापूरला जाऊन येतो.

एसआयपी वर्षभर थांबली तर १,८०,००० गुंतवायचे राहतात. बारा वर्षांनी, ११ टक्के गृहीत धरले तर, ती सव्वासहा लाखांची खोट. बाजाराची हमी मला कुणी लिहून देत नाही, पण मिस्टर ४७ वर्षांचे असल्याचं तुम्ही कळवलंय, म्हणून हा हिशेब टाळता येत नाही.

राहिली एफडी. निव्वळ व्याजाच्या गणिताने बघितलं तर तिघांत हाच स्वस्त मार्ग. मुदतीआधी मोडल्यावर बँक साधारण एक टक्का व्याज कमी देते, चार लाखांवर पाच-सहा हजारांचा फटका. कर्जाच्या सत्त्याहत्तर हजारांपुढे काहीच नाही. तरी मी नको म्हणतो. जून-जुलैत सीईटीचा निकाल, कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या आणि कॉलेजची फी एकदमच येतात. सरकारी कॉलेजात नाही लागला नंबर आणि पुण्यात हॉस्टेल घ्यावं लागलं, तर ते चार लाख तेव्हाच लागणार. ते पैसे तुमच्या नावावर आहेत इतकंच, पोराने ते आधीच खर्च केलेत असं समजा. ३ लाखांच्या दुसऱ्या एफडीला तर हातच लावू नका. ती तुमच्या साडेतीन महिन्यांच्या खर्चाइतकी आहे, खरं तर सहा महिन्यांची हवी.

पैशाबाहेरचं एक विचारतो, राग मानू नका. बारावीचा मुलगा डिसेंबरात सहा दिवस घराबाहेर? फेब्रुवारीत बोर्ड आहे. त्याला विचारलंत का? मला वाटतं तो 'जाऊ या' म्हणेल आणि जहाजावर वाय-फायच्या पैशांत क्लासच्या नोट्स बघत बसेल.

म्हणून माझं उत्तर असं: यंदा दोघंच जा, आणि मुंबईहून जा. लग्नाचा विसावा वाढदिवस तुमच्या दोघांचा आहे. २०२१पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे फेऱ्या करत आलं आहे. १९९० साली बांधलेलं, सिंगापूरच्या आजच्या राक्षसी जहाजांच्या मानाने लहान आणि जुनं, पण 'आपल्याला क्रूझ आवडते का' हे कळायला पुरेसं. मुंबई–गोवा–मुंबई दोन रात्रींची फेरी घ्या, सगळं धरून ९०,०००ची मर्यादा घाला. बोनसचे ६०,००० आणि बचत खात्यातले ३०,०००. व्हिसा नाही, टीसीएस नाही, विमान नाही. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या फेऱ्यांचे दर चढतात. तुमची तारीख त्याआधीची आहे, हे नशीबच. शनिवार-रविवार टाळलात तर आणखी उतरतं.

केबिन खिडकी नसलेली घेतलीत तरी चालेल. दोन रात्रींत तुम्ही केबिनमध्ये झोपण्यापुरत्या असाल, बाल्कनीचे पैसे डेकवर फुकट मिळतात. मात्र खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधोमध असलेली मागा, तिथे हेलकावे कमी. माझी आजी रत्नागिरीहून बोटीने मुंबईला यायची, बोट लागू नये म्हणून सबंध वाट लिंबू हुंगत. आता गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांना विचारून.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं, पणजीला नाही. पणजी तिथून सुमारे तीस किलोमीटर, टॅक्सी महाग. सहप्रवाशांना घेऊन चारजण मिळून गाडी करा किंवा वास्कोतच मासे खाऊन परत या. परतायची जी वेळ सांगितली असेल त्याच्या दीड तास आधी बंदरावर या. तुम्ही स्वतःहून फिरायला गेला असाल तर जहाज थांबत नाही. हवामानामुळे एखादं बंदर वगळलं गेलं तर भाडं सहसा परत मिळत नाही, हेही आधीच मनाशी धरून चला. मुंबईहून जहाज सुटायच्या दिवशी नाशिकहून पहाटेच्या गाडीवर विसंबू नका. आदल्या रात्री ठाण्यात कुणी नातेवाईक असतील तर तिथे मुक्काम करा.

सासूबाईंना एकट्या बारावीच्या नातवाबरोबर ठेवणं जड वाटेल, हे समजतं. पण त्यांचा रक्तदाब आणि गुडघे तुम्हीच पत्रात लिहिलेत. परदेशी जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी डॉलरमध्ये, आणि तुमची घरची मेडिक्लेम पॉलिसी भारताबाहेर बहुतेक चालत नाही. ७२व्या वर्षी आधीपासूनचे आजार धरणारा प्रवास विमा मिळतो, पण अटी नीट वाचून आणि चढ्या हप्त्याने. मी वरच्या हिशेबात धरलेले ९,००० त्यांच्यासाठी कदाचित कमीच पडतील.

सिंगापूर सोडून द्या असं मी म्हणत नाही. जानेवारीपासून महिना १२,०००चं रिकरिंग डिपॉझिट लावा. सगळे १८,००० नको, कारण फी सुरू झाली की ते उरणार नाहीत. २४ हप्त्यांचे २,८८,००० आणि व्याज मिळून तीन लाखांच्या थोडं वर, त्यात पुढच्या दोन दिवाळ्यांचे बोनस. सव्वाचार लाखांपर्यंत जाल. पॅकेज न घेता विमान आणि क्रूझ वेगवेगळी बुक केलीत, चौघांनी एकच केबिन घेतलीत (तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी पडतं, टिप मात्र पूर्ण), आणि खरेदीला कात्री लावलीत, तर जमतं. तेव्हा पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने आहे ना आणि सिंगापूरचा व्हिसा बहुप्रवेश आहे ना, एवढं बघा. जहाज तिथूनच निघतं आणि तिथेच परत येतं, म्हणजे तुम्ही देशात दोनदा शिरता.

शनिवारी एजंटचा फोन येईल. त्याला म्हणा, रद्द केल्यास कुठल्या तारखेपर्यंत किती टक्के कापणार, ते ईमेलवर पाठवा, टोकनचं त्यानंतर बघू. ईमेल आला तर मला पुढे पाठवा. नाही आला तर २५,००० तुमच्याच खात्यात आहेत.