वाचक विचारतात : होडीचं टू-टी ऑइल रोटरी गाडीला चालेल का?

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. माझी देवगडला फायबरची होडी आहे, तिला चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. मुलगा शारजाला नोकरीला असतो. त्याने तिथे माझदाची जुनी, रोटरी इंजिनाची आर-एक्स-एट घेतली, २००५ सालची. तो सांगतो की या गाडीच्या पेट्रोलात लोक टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल घालतात. मी म्हटलं, मग आपल्या होडीसारखंच झालं, लिटरला वीस मिली घाल. पण तो म्हणतो गाडीला खाली इंजिन ऑइल आहेच. मग वरून आणखी कशाला? आणि माझं माप त्याला चालेल का?
– एक मच्छीमार, देवगड

उत्तर : नमस्कार. तेल घालायला हरकत नाही, घालावंच. पण तुमचं माप चालणार नाही, हे त्याला आजच फोन करून सांगा. त्या गाडीची टाकी साधारण ६० लिटरची. लिटरला २० मिली धरलं तर १२०० मिली तेल जाईल. त्याला लागतं २४० मिलीच्या आसपास, म्हणजे लिटरला ४ मिली.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मी आठ वर्षं काढली. आज रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला आउटबोर्ड उघडतो, तिथे रोटरी उघडत होतो. त्यामुळे तुमच्या घरातली ही दोन्ही इंजिनं माझ्या ओळखीची आहेत.

तुमच्या आउटबोर्डात पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये जातं. बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन या सगळ्यांना तेल मिळतं ते त्या मिश्रणातूनच; दुसरा मार्गच नाही. म्हणून एकास पन्नास. आपल्याकडे जेटीवर म्हणतात तेच खरं, ‘तेल कमी पडला तर इंजिन गेला.’

रोटरीचं तसं नाही. तिच्यात पिस्टनच्या जागी हाउसिंग नावाच्या खोळीत रोटर फिरतो. आर-एक्स-एटच्या बेअरिंगना खालच्या संपमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतून, पंपाने दाबाचं तेल मिळतं, कुठल्याही फोर-स्ट्रोक गाडीसारखं. म्हणून टाकीतलं तेल हे इंजिन ऑइलच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे. ते लागतं फक्त एका ठिकाणी. रोटर तिकोनी असतो आणि त्याच्या तिन्ही टोकांवर एकेक पट्टी बसवलेली असते, तिला एपेक्स सील म्हणतात. ही पट्टी हाउसिंगच्या क्रोम केलेल्या भिंतीवर सतत घासत फिरते. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर खालून तेल उडतं आणि ऑइल रिंग ते पुसून घेते. रोटरीत तेल रोटरच्या पोटात फिरतं, त्याला थंड ठेवतं, आणि दोन्ही बाजूंचे ऑइल सील ते बाहेर येऊ देत नाहीत. त्यामुळे बाहेरच्या भिंतीला आपसूक तेल मिळायची सोयच नाही.

म्हणून माझदाने एक छोटा मीटरिंग पंप दिला आहे. तो संपमधलंच तेल थोडं थोडं हाउसिंगमध्ये सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. ‘गाडी ऑइल खाते’ अशी तक्रार घेऊन लोक आमच्याकडे यायचे. ती खाणारच, तशीच बनवली आहे. काळजी करायची ती न खाणाऱ्या रोटरीची, कारण तिचा पंप किंवा नोझल बंद पडलेला असण्याची शक्यता मोठी.

आता वरून टू-टी कशाला, हा तुमचा खरा प्रश्न. संपमधलं तेल हे जळण्यासाठी केलेलंच नसतं. त्यातले कॅल्शियम, झिंक असले घटक जळले की राख उरते. चांगलं टू-टी ऑइल जळून जाण्यासाठीच बनवलेलं, त्याची राख नगण्य. दुसरं म्हणजे, तुमच्या मुलाच्या मॉडेलला प्रत्येक रोटरमागे दोनच ऑइल नोझल आहेत. २००९च्या मॉडेलपासून माझदाने ते तीन केले. कंपनीलाच एक नोझल वाढवावासा वाटला, यात काय ते समजा. पेट्रोलात मिसळलेलं तेल मात्र जिथे पेट्रोल पोचतं तिथे सगळीकडे पोचतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. असंच एक जुनं इंजिन उघडलं होतं. सील साधारण ८० मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड, हाताच्या बोटाएवढी पट्टी. धुऊन काचेवर उभी ठेवली आणि मागे टॉर्च धरला. दोन्ही टोकं काचेला टेकलेली, आणि मधोमध उजेडाची बारीक रेघ. मधला भाग झिजून गेला होता. त्याच रोटरची दुसरी सील तर खाचेतून निघेचना. काळी राख बसून ती तिथेच घट्ट झाली होती, खालची स्प्रिंग तिला वर ढकलू शकत नव्हती. पितळेच्या पट्टीने हळूहळू मोकळी करावी लागली. हाउसिंगवर नख फिरवलं तर आडव्या लाटा लागत होत्या. ते हाउसिंग गेलंच. त्या दिवसापासून मी प्रत्येक रोटरीवाल्याला टाकीत तेल घालायला सांगत आलो.

तेल कुठलं? तुम्ही होडीला टीसी-डब्ल्यू-थ्री, म्हणजे आउटबोर्डसाठीच्या प्रतीचं तेल वापरत असाल तर ते बिनराखेचं असतं आणि रोटरीत घालणारे बरेच जण आहेत. मी स्वतः जासो एफ-डी (टू-स्ट्रोक तेलाची जपानी प्रत) लिहिलेलं घालायचो. टीसी-डब्ल्यू-थ्री समुद्राच्या पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेलं असतं, आणि रोटरी बरीच तापते. आयडेमित्सू ही जपानी कंपनी खास रोटरीसाठीही असं तेल काढते. मिळालं तर ते घ्यावं. पिंपातलं सुटं तेल मात्र अजिबात नको.

घालायची रीत अशी : पेट्रोल भरण्याआधी तेल टाकीत ओतायचं, मग वरून पेट्रोलचा लोट आला की ते आपोआप मिसळतं. माप खुणा असलेल्या बाटलीने घ्यायचं, अंदाजाने नाही. आणि दर दुसऱ्या भरणीला डिपस्टिक बघायची. टू-टी घालतो म्हणून संपकडे दुर्लक्ष केलं आणि बेअरिंग गेले, असं एक प्रकरण आमच्या दारात आलेलं आहे.

जास्त घातलं तर काय होतं? जेवढं तेल इंजेक्टरमधून जातं तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. प्लग काळे पडतात. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, आणि तो स्वस्त नसतो.

काही जण मीटरिंग पंपच काढून टाकतात आणि सगळं टाकीवर सोडतात. मग लिटरला ८ मिलीच्या आसपास घालावं लागतं. शर्यतीच्या गाडीला ठीक, पण रोज कामावर जाणाऱ्या माणसाने हे करू नये असं माझं ठाम मत आहे. एखाद्या दिवशी घाईत बाटली घरी राहिली की अख्खी टाकी सील कोरडी फिरणार.

आणि एक त्याला जरूर विचारा : गाडी गरम असताना परत चालू व्हायला त्रास देते का? देत असेल तर कॉम्प्रेशन आधी तपासून घ्यावं. साधा गेज नको, तो रोटरच्या तीन बाजूंतला सगळ्यात मोठाच आकडा दाखवतो. रोटरीचा टेस्टर प्रत्येक बाजूचा वेगळा आकडा देतो. मिनिटाला २५० फेऱ्यांवर चौरस सेंटीमीटरला ६.९ किलोच्या खाली आकडा आला तर कंपनीच्या हिशेबाने ते इंजिन उघडण्याजोगं झालं. झिजलेली सील तेलाने भरून येत नाही.

प्रश्न : सगळं तेल होडीसारखं पेट्रोलातूनच मिळतं, अशी एखादी रोटरी कधी झाली का?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : झाली. १९७४ साली जर्मनीत हर्क्युलस डब्ल्यू-२००० ही मोटरसायकल आली. तिच्यात आत येणारं मिश्रण आधी रोटरच्या पोटातून जायचं, त्याला थंड करायचं आणि बेअरिंगना तेलही द्यायचं. सुरुवातीच्या गाड्यांत तेल टाकीतच मिसळावं लागे, पुढे वेगळा पंप आला.

प्रश्न : पावसाळी मासेमारीबंदीच्या आधी होडीसाठी बनवलेलं तेल-पेट्रोलचं मिश्रण दोन कॅन उरलं आहे. पावसाळा संपल्यावर वापरलं तर चालेल का? यजमान म्हणतात चालेल.
– एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, वापरू नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. आपल्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! पाणी पुरेसं झालं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, पेट्रोल आणि तेल वर राहतं. कॅनची नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनात जाणार ते बिनतेलाचं पाणी-इथेनॉल. यजमानांना पटत नसेल तर कॅन न हलवता तळातलं थोडं काचेच्या बरणीत काढा आणि उन्हाकडे धरून दाखवा. मध्ये रेघ दिसली, किंवा टू-टीचा रंगच नसला, तर ते इंजिनाला लावायचं नाही. पुढच्या वर्षी १ जूनच्या आधीच्या आठवड्यात रोज लागेल तेवढंच मिसळा, आणि शेवटच्या दिवशी कार्ब्युरेटर रिकामा करून मगच इंजिन घरात घ्या.