वसुलीवाल्याचा किंवा विमा कंपनीचा कॉल न सांगता रेकॉर्ड केला तर गुन्हा होतो का?

भारतात बसून बोलत असाल आणि त्या कॉलवर तुम्ही स्वतः असाल, तर नाही. स्वतःचं संभाषण टिपायला समोरच्याची परवानगी लागते असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून ऐकणं किंवा टिपणं मात्र गुन्हा आहे. दूरसंचार कायदा 2023 च्या कलम 42 प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे भावाच्या फोनमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकून त्याचे आणि बँकेचे कॉल टिपणार असाल, तर हे उत्तर तुमच्या कामाचं नाही.

हा फरक जुना आहे. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मुंबईच्या कॉरोनरवर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाच मागितल्याचा आरोप होता आणि पोलिसांनी एका डॉक्टरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला होता. डॉक्टर राजी होता, म्हणून 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टेप पुरावा म्हणून चालवून घेतली.

लोक अडकतात ते पुढे, पुरावा सांभाळताना. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. रेकॉर्डिंगची प्रत कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं: भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचा हॅश लिहायचा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलचं नाव बदललं तरी तो तोच राहतो, पण सुरुवातीचं दोन सेकंदांचं 'हॅलो हॅलो' कापलंत की पूर्ण बदलतो. म्हणून काटछाट नको, 'आवाज स्वच्छ करणारी' अ‍ॅपं नकोत. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. विंडोजवर सर्टयुटिल (certutil) कमांडने हॅश त्याच दिवशी काढून ठेवा. आणि तो फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकू नका! जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात 2020 मध्ये न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. तो निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब वरचा आहे, तरी मूळ फोन हाताशी असणं केव्हाही बरं.

कॉलवर काय बोलायचं? 'आज अमुक तारीख, एवढे वाजलेत, आपलं नाव आणि एम्प्लॉयी आयडी सांगा, कोणत्या खात्याबद्दल बोलताय?' एवढं त्याच्या तोंडून वदवून घ्या. नुसत्या शिव्या टिपल्या की 'हा आमचा माणूसच नाही' म्हणायला कंपनी मोकळी. वसुलीचा कॉल सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर आला असेल तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉटही ठेवा. रिझर्व्ह बँकेने ती वेळ बंद ठेवली आहे. मग बँकेला लेखी तक्रार करा, त्यात कॉलची वेळ द्या आणि 'तुमच्याकडचं रेकॉर्डिंग जपून ठेवा' असं स्पष्ट लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

गूगलचं फोन अ‍ॅप आणि आयफोन (आयओएस 18.1 पासून) रेकॉर्डिंग सुरू होताना मोठ्याने घोषणा करतात. समोरचा फोन ठेवेल, इतकंच. कायद्याच्या दृष्टीने तुमचं नुकसान नाही.

क्लिप इन्स्टावर टाकणं मात्र टाळा. रेकॉर्ड करणं चालतं म्हणून जगाला ऐकवणंही चालतं असं नाही. भारतीय न्याय संहितेचं बदनामीचं कलम 356 लावायला समोरच्याला तेवढं निमित्त पुरतं.

परदेशात असाल तर गणित वेगळं. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण टिपायला सगळ्यांची संमती लागते, नाहीतर दिवाणी दाव्यात एका उल्लंघनाला 5,000 डॉलर किंवा नुकसानीच्या तिप्पट, जे जास्त ते. शिवाय तिथे आणि जर्मनीतही तो फौजदारी गुन्हा. अशा ठिकाणी कंपनीची 'हा कॉल रेकॉर्ड होऊ शकतो' ही टेप वाजली तरी आपल्या तोंडाने 'मीही रेकॉर्ड करतोय' म्हणा आणि त्यांचा होकार रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या.