फवारणीच्या वहीतली नोकरी

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र आलंय. मुलगी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ‘सस्टेनेबल सप्लाय चेन’मध्ये, म्हणजे माल शेतातून दुकानापर्यंत शाश्वत पद्धतीनं पोचवण्याच्या साखळीत, काम करायचंय आणि त्यासाठी नेदरलँड्सला मास्टर्सला जायचंय. जमिनीवर कर्ज काढावं लागेल. वडील विचारतात, ‘हे खरं काम आहे की नुसतं फॅड?’

नमस्कार भाऊसाहेब,

काम खरं आहे. २०१० आठवून बघा. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे आपल्या सीसीसीचा अंश सापडला. तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे ते वेलीची वाढ रोखायला सर्रास वापरत, पण निर्यातीआधी तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच! कंटेनर अडकले, बागायतदार कर्जात गेले. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही द्राक्षांचा माग ठेवणारी यंत्रणा २००६ पासून होती, प्लॉटची नोंद होती, लॅब होत्या. तिकडचा नियम आणि इकडची फवारणी, दोन्ही ओळखणारं माणूस मात्र वेळेवर जागेवर नव्हतं. मुलगी म्हणते ती नोकरी नेमकी तिथली आहे.

आता नुसत्या रेसिड्यू रिपोर्टवर, म्हणजे औषधांच्या अंशाच्या तपासणीवर भागत नाही. ग्लोबलगॅप हे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र लागतं, त्याच्या जोडीला ग्रास्प, म्हणजे तोडणीच्या मजुरांची मजुरी, कामाचे तास, त्यांच्या नोंदी यांची तपासणी. सुपरमार्केट तिकडे ‘शाश्वत’ म्हणून मिरवतं आणि कागदपत्रांचा खर्च पडतो बागायतदाराच्या माथी. हा माझा जुना राग आहे, असो. पण पैसाही त्याच वाटेनं येतो. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत २०२२ साली युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले.

तरी आत्ता कर्ज काढू नका. जानेवारी ते एप्रिल तिला एखाद्या निर्यातदाराच्या पॅकहाऊसला, म्हणजे माल निवडून भरतात तिथे, कामाला लावा, पगार कमी असला तरी. ऑडिटर आला की काय विचारतो, डबा कुठल्या प्लॉटमधला हे कसं शोधतात, माल परत आला तर नुकसान कोण सोसतं, हे तिथेच कळेल. मग पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेत किंवा हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेत ॲग्रिबिझनेसचा पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा, करता येईल. नेदरलँड्सला जायचंच असेल, तर शिष्यवृत्ती मिळाली तरच.

आणि तुमच्या बागेची फवारणीची वही आजपासून तिच्याकडे द्या. मागच्या ऑक्टोबर छाटणीपासूनच्या सगळ्या नोंदी तिला तारीखवार लावू द्या. त्यात ती रमली की कंटाळली, ते मला महिन्याभरानं कळवा.