'इन्सेप्शन'मध्ये पलंगावर मरायला टेकलेला तो म्हातारा बाप कोण आहे? अजून कशात दिसलाय?

पीट पोस्टलथवेट. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचा, जन्म १९४६, आधी शिक्षक होता आणि मग लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये घासून तयार झालेला माणूस. आडनाव एवढं अवघड की बदल म्हणून सल्ले मिळाले पण पठ्ठ्याने काही बदललं नाही.

टीव्हीवर त्याला बघायचं असेल तर 'शार्प' सिरीजमधला सार्जंट हेक्सविल बघा, शॉन बीन हिरो आहे पण हा डोक्यावरची टोपी काढून तिच्यात तोंड घालून आईशी बोलतो ना तेव्हा खरंच अंगावर काटा येतो. आणि त्याच सुमारास (१९९३) 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये खोट्या आरोपात जेलमध्ये सडणारा साधाभोळा बाप, त्यासाठी ऑस्कर नॉमिनेशन. गंमत म्हणजे त्यात मुलगा झालेला डॅनियल डे-लुईस याच्यापेक्षा फक्त ११ वर्षांनी लहान, पण बघताना एकदाही डाउट येत नाही.

'द युज्वल सस्पेक्ट्स'मधला वकील कोबायाशी पण हाच, नाव जपानी, चेहरा इंग्लिश आणि उच्चार भलताच कुठला तरी 😄

माझ्या मते बेस्ट काम 'ब्रास्ड ऑफ' (१९९६). कोळसा खाणीच्या बँडचा मास्तर, खाण बंद पडतेय, फुप्फुसं धुळीने गेलीत तरी ह्याला बँडचीच पडलेली.

जानेवारी २०११ मध्ये कॅन्सरने गेला. 'इन्सेप्शन' आणि 'द टाउन' दोन्ही २०१०चे, म्हणजे अगदी शेवटच्या कामांपैकी. 'ब्रास्ड ऑफ'पासून सुरुवात करा, हेक्सविल नंतर बघा.